मंच मॉनिटरमधील हमिंग

मंच मॉनिटरमधील हमिंग म्हणजे व्यासपीठावरील गायक-वादकांकडे तोंड करून ठेवलेल्या ध्वनिक्षेपकांतून (मॉनिटर स्पीकर), कोणी गात वा बोलत नसतानाही, सतत ऐकू येणारा खर्जातील घुमणारा आवाज होय. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झ वारंवारतेचा असल्याने हा आवाज प्रामुख्याने ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतील वारंवारतांचा असतो. चर्च, मंदिराचा सभामंडप, शाळेचे सभागृह अशा ठिकाणी मॉनिटर जोडताच तो सुरू झाल्याचा अनुभव नेहमी येतो. अशा वेळी बहुधा कोणतेही उपकरण बिघडलेले नसते; दोष उपकरणांच्या परस्परजोडणीत असतो. हा आवाज बंद करण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची पद्धत रूढ आहे, परंतु ती प्राणघातक ठरू शकते. हमिंग ध्वनिसंकेताच्या तारेत उपाय करून घालवावे, विजेच्या अर्थिंगला हात लावून नव्हे, हे या विषयातील मूलतत्त्व आहे.

पार्श्वभूमी

मराठी ख्रिस्ती समाजाच्या उपासनेत भजनाला महत्त्वाचे स्थान आहे. १८१३ साली मुंबईत सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनचे कार्य पुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सातारा, सोलापूर या भागांत पसरले. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यासारख्या कवींनी देशी चालींवर रचलेली भजने मंडळ्यांमध्ये रुजली आणि ‘उपासना संगीत’ या संग्रहातून ती आजही गायिली जातात. पेटी, तबला व टाळ यांच्या साथीने चालणाऱ्या या गायनाला विजेची गरज नव्हती.

कीबोर्ड, गिटार, लॅपटॉप व प्रोजेक्टर आल्यावर चित्र बदलले. यांतील प्रत्येक उपकरण विजेच्या वेगवेगळ्या सॉकेटमधून चालते आणि ध्वनिसंकेताच्या तारेने मिक्सरलाही जोडलेले असते. मिक्सर सहसा सभागृहाच्या मागच्या बाजूस आणि मॉनिटर पुढे व्यासपीठावर असतो. वडूजसारख्या तालुक्याच्या गावी असोत वा सातारा, सांगली, मिरज या शहरांत, लहान मंडळ्यांना नाताळ किंवा ईस्टरसाठी काही सामान भाड्याने आणावे लागते. मग निरनिराळ्या बनावटीची उपकरणे एकत्र जोडली जातात. प्रार्थनेच्या निःशब्द क्षणी हमिंग जितके खटकते तितके मंडपातील गोंगाटात खटकत नाही. म्हणूनच चर्चमध्ये ही तक्रार विशेष जाणवते.

आवाजाची ओळख

दोष शोधण्याआधी आवाज नीट ऐकणे आवश्यक असते, कारण आवाजाच्या जातीवरून कारणाचा अंदाज बांधता येतो.

मंद, गोल व संथ घुमणारा आवाज ५० हर्ट्झच्या आसपासचा असतो. अर्थिंगचे वलय किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र हे त्याचे नेहमीचे कारण होय. पेटी वाजवणाऱ्यास हा स्वर ओळखणे सोपे जाते: पांढरी पाच या स्वराची खालच्या सप्तकांतील रूपे सुमारे ४९ व ९८ हर्ट्झची असतात, आणि हमिंगचे ५० व १०० हर्ट्झचे स्वर त्यांच्याहून किंचित चढे लागतात. लहान मॉनिटरमधून ५० हर्ट्झचा स्वर फारसा बाहेर पडत नाही. त्यामुळे कानाला १०० व १५० हर्ट्झचे स्वरच अधिक जाणवतात.

ठळक १०० हर्ट्झचा आवाज उपकरणाच्या आतील वीजपुरवठ्यातून येऊ शकतो. प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करताना दर सेकंदाला १०० लहरी उरतात आणि त्या सपाट करण्याचे काम कपॅसिटर करतो. जुना कपॅसिटर निकामी होऊ लागला की या लहरी ध्वनीत मिसळतात.

कर्कश, झणझणीत आवाजात वरच्या वारंवारतांचा भरणा असतो. दिव्यांचे डिमर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, तुटलेल्या जाळीची केबल किंवा स्क्वेअर वेव्ह प्रकारचा इन्व्हर्टर ही त्याची कारणे असू शकतात.

माइकमध्ये मॉनिटरचाच आवाज परत शिरल्याने उठणारी शिट्टी (फीडबॅक) हा निराळा प्रकार आहे. माइकची पातळी कमी करताच किंवा मॉनिटरची दिशा बदलताच ती थांबते.

कारणे

अर्थिंगचे वलय

मिक्सर सभागृहाच्या मागच्या सॉकेटवर आणि स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला (ॲक्टिव्ह) मॉनिटर व्यासपीठावरील सॉकेटवर जोडला, की दोघांची धातूची आवरणे आपापल्या अर्थिंगच्या तारेने जमिनीशी जोडली जातात. ध्वनिसंकेताच्या केबलची जाळी (शील्ड) ही त्याच दोन आवरणांना दुसऱ्या मार्गाने जोडते. अशा रीतीने मिक्सर, केबलची जाळी, मॉनिटर आणि अर्थिंगच्या तारा मिळून एक बंद वलय तयार होते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

दोन सॉकेटच्या अर्थिंगमध्ये अल्पसे विभवांतर जवळजवळ नेहमीच असते. शिवाय सभागृहातील वीजवाहक तारांभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही या वलयात विद्युत प्रवाह निर्माण करते. उदाहरणार्थ, जाळीतून २० मिलिअँपिअर प्रवाह वाहत असेल आणि जाळीचा रोध अर्धा ओहम असेल, तर तिच्या दोन टोकांमध्ये १० मिलिव्होल्ट इतका दाब पडतो. मिक्सरमधून निघणारा संकेत साधारण एक व्होल्टचा धरला तर ही भेसळ त्याच्या शंभरावा भाग, म्हणजे ४० डेसिबलने खाली असते. गाणे चालू असताना ती झाकली जाते. शांततेत स्पष्ट ऐकू येते.

स्वतःचा ॲम्प्लिफायर नसलेल्या (पॅसिव्ह) मॉनिटरला वेगळी वीजजोडणी नसते. त्यामुळे त्याच्यामार्फत असे वलय होत नाही. अशा व्यवस्थेत हमिंग ॲम्प्लिफायरच्या आधी किंवा ॲम्प्लिफायरमध्येच शोधावे लागते.

असंतुलित जोडणी

संतुलित (बॅलन्स्ड) केबलमध्ये संकेतासाठी दोन तारा आणि त्यांभोवती जाळी असते. तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीत पहिली पिन जाळीची, तर दुसरी व तिसरी संकेताची असते. दोन्ही तारांवर बाहेरून सारखाच पडलेला अडथळा स्वीकारणारे उपकरण वजा करून टाकते. असंतुलित केबलमध्ये मात्र संकेताची एकच तार असते आणि परतीचा मार्ग जाळीतूनच असतो. त्यामुळे जाळीतील हमिंगचा दाब थेट संकेतात मिसळतो.

मिक्सर व मॉनिटर दोन्ही संतुलित जोडणीचे असूनही मधली केबल साध्या मोनो जॅकची वापरली गेली, तर संतुलनाचा लाभ नाहीसा होतो. मोनो जॅकच्या दांडीवर एकच काळी पट्टी असते, तर संतुलित जोडणीच्या जॅकवर दोन पट्ट्या असतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत असल्याने हा दोष सहज नजरेतून सुटतो.

काही उपकरणांत केबलची जाळी धातूच्या आवरणाला न जोडता आतील सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असते. तेथे संतुलित केबलनेही हमिंग होते. या रचनादोषाकडे ध्वनिअभियंता नील मन्सी यांनी १९९५ साली लक्ष वेधले. ‘पिन एकचा दोष’ या नावाने तो ओळखला जातो.

चुंबकीय प्रेरण

विजेच्या केबलला बिलगून दूरवर नेलेली माइकची केबल, ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरवर ठेवलेला मिक्सर आणि चोकच्या ट्यूबलाइटखालील गिटार यांत चुंबकीय क्षेत्रामुळे हमिंग शिरते. गिटारच्या एका कुंडलीच्या पिकअपमध्ये हा दोष अंगभूत असतो. वादकाने दिशा बदलताच आवाज कमी-अधिक होतो. दोन कुंडल्या उलट जोडून तो घालवणारा ‘हमबकर’ पिकअप गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास विकसित केला.

अडॅप्टर व पर्यायी वीजपुरवठा

लॅपटॉप आणि कीबोर्डचे दोन पिनांचे अडॅप्टर जमिनीशी जोडलेले नसतात. त्यांतील कपॅसिटरमधून अत्यल्प प्रवाह झिरपत राहतो आणि केबलच्या जाळीतून मिक्सरकडे जातो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवताच आवाज थांबला, तर कारण हेच समजावे. वीज गेल्यावर जनरेटर किंवा इन्व्हर्टर सुरू होताच हमिंगचा पोत बदलला, तर दोषाचा संबंध वीजपुरवठ्याशी आहे असे अनुमान काढता येते.

निदानाची पद्धत

एका वेळी एकच गोष्ट बदलणे हा निदानाचा मुख्य नियम आहे. सर्व केबल एकदम हलवल्या तर आवाज गेला तरी कारण कळत नाही आणि पुढच्या रविवारी तो परत येतो. केबल काढताना किंवा लावताना मॉनिटरची पातळी शून्यावर आणावी, अन्यथा मोठा धक्कादायक आवाज होऊन स्पीकरचा पडदा खराब होऊ शकतो.

१. मॉनिटरची ध्वनिसंकेताची केबल पूर्ण काढून तो एकटाच सुरू करावा. तरीही हमिंग असेल तर दोष मॉनिटरमध्ये किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात आहे. दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहावे. फरक न पडल्यास तो तंत्रज्ञाकडे द्यावा.

२. एकटा मॉनिटर शांत असेल तर केबल मिक्सरला जोडावी आणि मिक्सरवरील मॉनिटरची मुख्य पातळी (ऑक्झिलरी मास्टर) शून्यावर ठेवावी. याच अवस्थेत हमिंग सुरू झाल्यास ते मिक्सर व मॉनिटर यांमधील जोडणीत आहे. अर्थिंगचे वलय किंवा चुकीची केबल ही येथील प्रमुख शक्यता होय.

३. शंका दृढ करण्यासाठी मॉनिटर मिक्सरजवळ आणून दोघांना एकाच तीन पिनी एक्स्टेन्शन बोर्डवर लावावे व आखूड केबलने जोडावे. आवाज नाहीसा झाला तर वलयाचे किंवा लांब केबलचे निदान पक्के होते. मग तीच लांब केबल गुंडाळी न करता लावून पाहिली की दोहोंतील कोणते कारण खरे ते उमगते.

४. दुसऱ्या पायरीत हमिंग नसेल, पण मास्टरची पातळी वाढवताच ते वाढत असेल, तर दोष मिक्सरच्या अलीकडे आहे. सर्व वाहिन्या बंद करून एकेक उघडावी. ज्या वाहिनीबरोबर आवाज येतो तिच्यावरील कीबोर्ड, लॅपटॉप, गिटार किंवा माइक तपासावा.

५. शेवटी डिमर, पंखे, रोषणाईच्या माळा व प्रोजेक्टर क्रमाने बंद करून पाहावेत. नाताळच्या सजावटीपूर्वी नसलेले हमिंग सजावटीनंतर आले असेल, तर ही पायरी आधीच करणे सोयीचे ठरते.

उपाय

सर्वांत स्वस्त व पहिला उपाय म्हणजे संपूर्ण ध्वनियंत्रणेला एकाच ठिकाणाहून वीज देणे होय. मिक्सर, मॉनिटर, ॲम्प्लिफायर आणि व्यासपीठावरील वाद्ये यांचा एकूण भार त्या सर्किटच्या क्षमतेत बसत असेल, तर सर्वांसाठी एकाच वितरण फलकावरून अर्थिंगसह वीज घ्यावी. पंखे व डिमर दुसऱ्या सर्किटवर ठेवावेत. अर्थिंगचा बिंदू एकच झाल्याने विभवांतर कमी होते आणि हमिंग बहुधा थांबते किंवा नगण्य होते.

दुसरा उपाय केबलचा आहे. मिक्सरपासून मॉनिटरपर्यंत संतुलित केबल वापरावी. विजेच्या व ध्वनिसंकेताच्या केबल एकमेकींपासून हातभर दूर ठेवाव्यात. ओलांडणे भाग असेल तेथे काटकोनात ओलांडाव्यात. उरलेल्या केबलचे वेटोळे ॲम्प्लिफायरजवळ ठेवू नये.

तिसरा उपाय विलगीकरणाचा आहे. एकास एक प्रमाणाचा ध्वनि-ट्रान्सफॉर्मर मधे घातला की संकेत चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, पण दोन उपकरणांमध्ये तारेचा थेट संबंध उरत नाही. कीबोर्ड व लॅपटॉपसाठी ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स वापरतात. त्याच्यावरील ‘ग्राउंड लिफ्ट’ कळ केवळ संकेताच्या केबलची जाळी तोडते, विजेचे अर्थिंग तोडत नाही. म्हणून ती वापरणे सुरक्षित असते.

संतुलित केबलची जाळी केवळ स्वीकारणाऱ्या टोकाला, म्हणजे मॉनिटरच्या बाजूस, पिन एकपासून सोडवून ठेवणे हाही मान्य उपाय आहे. अशा केबलवर ठळक खूण करावी. माइकसाठी ती वापरू नये, कारण कंडेन्सर माइकला मिक्सरकडून मिळणाऱ्या ४८ व्होल्ट विजेचा परतीचा मार्ग जाळीतूनच असतो.

मिक्सरवर खर्जाची पातळी कमी करून हमिंग झाकता येते, परंतु त्याबरोबर तबल्याच्या डग्ग्याचा व पुरुषी आवाजाचा भरदारपणाही जातो. हा उपाय तात्पुरताच समजावा.

अर्थिंगची पिन काढण्याचा धोका

भारतीय तीन पिनी प्लगमधील वरची जाड पिन अर्थिंगची असते. ती इतर दोन पिनांहून लांब असल्याने प्लग लावताना सर्वप्रथम जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. उपकरणाच्या आत फेजची तार सुटून धातूच्या आवरणाला टेकली, तर प्रवाहाला जमिनीकडे वाट मिळावी आणि वीज खंडित व्हावी, यासाठी ती असते. ही पिन काढली, तिची तार सोडली किंवा दोन पिनी जोडणीतून उपकरण चालवले, की ग्राउंड लूप तुटतो आणि हमिंग थांबते. म्हणूनच हा मार्ग मोहात पाडतो. परंतु त्याच क्षणी संरक्षणही संपते. यापुढे बिघाड झाल्यास ते आवरण, त्याला जोडलेल्या गिटारच्या तारा किंवा माइकचा धातूचा भाग २३० व्होल्टवर जाऊ शकतो आणि ते बाहेरून समजत नाही.

गायकाचे ओठ माइकला व बोटे गिटारच्या तारांना एकाच वेळी लागत असल्याने मंचावरील धोका घरातल्यापेक्षा मोठा असतो. ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वी यांचा ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्झी येथे मंचावर माइकला स्पर्श होताच विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. ३० ऑक्टोबर २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातील वेको येथील युनिव्हर्सिटी बॅप्टिस्ट चर्चचे पाळक काइल लेक बाप्तिस्मा देण्यासाठी पाण्यात उभे असताना माइककडे हात नेताच विजेचा धक्का बसून मरण पावले. पाण्याशी संबंधित विधीच्या वेळी वीजजोडणीचा माइक हाताच्या अंतरावर ठेवू नये. बॅटरीवर चालणारा बिनतारी माइक वापरावा.

उपकरणाला हात लावताच झिणझिण्या येणे हे हमिंगपेक्षा गंभीर लक्षण आहे. तेव्हा यंत्रणा बंद करून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

कोरड्या प्रदेशातील अर्थिंग

वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण येरळा नदीकाठी वसलेले असून खटाव व माण हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. जमीन कोरडी पडली की तिचा विद्युत रोध वाढतो. पावसाळ्यात समाधानकारक वाटणारे अर्थिंग त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत कमकुवत होऊ शकते. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ घालण्याची आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतण्याची पद्धत याच कारणाने पडली आहे. अर्थिंगसंबंधीची भारतीय मार्गदर्शक संहिता आयएस ३०४३ ही आहे.

येथे दोन बाबी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली, चांगले अर्थिंग सुरक्षिततेसाठी अपरिहार्य असले तरी केवळ त्याने ग्राउंड लूप नाहीसा होत नाही. हमिंग घालवण्यासाठी व्यासपीठाजवळ स्वतंत्र नवा खड्डा करून फक्त मॉनिटर त्याला जोडला, तर दोन खड्ड्यांतील विभवांतरामुळे हमिंग उलट वाढण्याचा संभव असतो. शेजारच्या घरातून वायर ओढून वीज घेतल्यावर नेमके हेच घडते. नवा खड्डा केलाच तर तो इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडून घ्यावा लागतो.

दुसरी बाब संरक्षक स्विचची आहे. फेज धातूच्या आवरणाला टेकली आणि जमिनीतून जाणाऱ्या मार्गाचा एकूण रोध २० ओहम असेल, तर २३० व्होल्टला केवळ ११.५ अँपिअर प्रवाह वाहतो. एवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी पडत नाही आणि आवरण जिवंतच राहते. जमिनीकडे झिरपणारा प्रवाह ओळखणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र अशा स्थितीत तत्काळ वीज तोडतो. म्हणून कोरड्या मुलखातील सभागृहांत ध्वनियंत्रणेच्या सर्किटवर आरसीसीबी असणे विशेष अगत्याचे आहे. त्याची चाचणी-कळ ठरावीक काळाने दाबून तो कार्यरत असल्याची खात्री करून घेतात. आरसीसीबी वारंवार पडू लागल्यास त्याला वगळून जोडणी करू नये. कोणते तरी उपकरण वीज झिरपवत असल्याची ती सूचना असते.